जंगवाला स्प्रे उर्फ डब्ल्यूडी-४०: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात होळी झाली की एक मागणी सुरू होते. "भाऊ, तो जंगवाला स्प्रे द्या." जंग म्हणजे गंज. निळा-पिवळा डबा, लाल टोपण, बाजूला चिकटवलेली लाल नळी. डबा हातात द्यायला दहा सेकंद लागतात. त्यानंतरचे प्रश्न अर्धा तास चालतात, आणि मागे उभी असलेली गिऱ्हाइकं त्यात आपापले प्रश्न मिसळतात. ते प्रश्न जसे येतात तसे इथे लिहून ठेवले आहेत. उत्तरं काउंटरवरचीच, फक्त गर्दी नसताना दिलेली.

डब्ल्यूडी-४० हे कसलं नाव? ४० म्हणजे चाळीस नंबरचं तेल का?

नाही. इंजिन ऑइलच्या डब्यावर जो ४० असतो तो तेलाच्या दाटपणाचा आकडा. इथला ४० वेगळा. डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाण्याला त्याच्या जागेवरून हटवणं. आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. एकोणचाळीस मिश्रणं फसली, चाळिसावं जमलं, आणि प्रयोगाच्या वहीत जे लिहिलं होतं तेच पुढे डब्यावर गेलं.

हे नाव डोक्यात ठेवा. खालच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. त्यात 'तेल' हा शब्द कुठेच नाही.

हे शोधून काढलं कोणी? आणि कशासाठी?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात रॉकेट केमिकल कंपनी नावाचं एक छोटंसं दुकान म्हणावं असं काम होतं, माणसं मोजून तीन. १९५३ साली ते विमान आणि क्षेपणास्त्र बनवणाऱ्या कारखान्यांसाठी गंज रोखणारी रसायनं तयार करायच्या खटपटीत होते. या शोधाशी नॉर्म लार्सन यांचं नाव जोडलं जातं.

पहिलं मोठं गिऱ्हाईक होती कॉनव्हेअर ही कंपनी. ती ॲटलस नावाचं क्षेपणास्त्र बनवत होती, आणि त्या ॲटलसची रचना ऐकण्यासारखी आहे. त्याच्या इंधनाच्या टाक्या स्टेनलेस स्टीलच्या, पण पत्रा इतका पातळ की आत नेहमीसारखा सांगाडा नाही. आत दाब भरलेला असला तरच टाकी उभी राहायची, फुग्यासारखी. दाब गेला की स्वतःच्याच वजनानं बसायची. आता अशा पत्र्यावर गंजाचा एक खड्डा पडला तर काय होईल, हे कूलरची टाकी गळताना पाहिलेल्या नागपूरकराला वेगळं सांगायला नको. स्टेनलेसलाही गंज चढतो, विशेषतः समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत. म्हणून पत्र्यावरचं पाणी हटवून वर पातळ थर ठेवणारं काहीतरी हवं होतं.

याच ॲटलस घराण्यातल्या रॉकेटवरून २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आले, पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकन. ही रॉकेटची गोष्ट सांगितली की गिऱ्हाईक डब्याकडे वेगळ्या नजरेनं बघतं आणि भाव कमी करायला विसरतं, हा आमचा अनुभव.

कारखान्यातली वस्तू घरात कशी आली?

कामगारांनी आणली, तीही गुपचूप. कॉनव्हेअरची माणसं डब्यात, बाटलीत थोडं थोडं घरी न्यायला लागली आणि दाराच्या बिजागऱ्यांपासून गाडीच्या नटांपर्यंत वापरायला लागली. हे कंपनीच्या लक्षात आलं, आणि दाबाच्या डब्यात भरून विकायची कल्पना निघाली. १९५८ साली सॅन डिएगोच्या दुकानांत पहिले डबे आले. १९६० पर्यंत कंपनीत माणसं झाली सात, आणि माल विकायची पद्धत अशी की गाडीच्या डिक्कीत खोकी भरायची आणि दुकानोदुकानी जायचं. इतवारीत आजही अर्धा माल असाच येतो.

पुढच्या वर्षी, १९६१ ला, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कार्ला नावाचं चक्रीवादळ आदळलं. पाण्यात बुडालेल्या गाड्या आणि यंत्रं वाचवायला माल हवा होता. कामगार शनिवारी येऊन कामाला लागले आणि कंपनीनं पहिल्यांदा अख्खा ट्रक भरून माल पाठवला. १९६९ मध्ये जॉन बॅरी प्रमुख झाले. रॉकेट तर आपण बनवतच नाही, मग नावात रॉकेट कशाला, म्हणून त्यांनी कंपनीचंच नाव डब्ल्यूडी-४० करून टाकलं. १९७३ ला शेअर बाजारात नोंदणी झाली.

आत असतं काय? माशाचं तेल असतं म्हणतात.

माशाचं तेल नसतं. ही अफवा अमेरिकेतूनच आली आहे आणि कंपनी वर्षानुवर्षं ती नाकारते आहे.

पूर्ण कृती गुपित आहे. त्यांनी पेटंटच घेतलं नाही, कारण पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते आणि ठरावीक वर्षांनी ती सगळ्यांची होते. त्याऐवजी कागद बँकेच्या तिजोरीत. आपल्याकडे चिवड्याच्या मसाल्याचं जे धोरण असतं तेच. पण सुरक्षेच्या कायद्यानं ढोबळ घटक सांगावे लागतात. सगळ्यात मोठा वाटा पेट्रोलियमपासून काढलेल्या पातळ, उडून जाणाऱ्या द्रावकाचा. त्यानंतर खनिज तेल. आणि डब्यातून फवारा बाहेर ढकलायला दोन-तीन टक्के कार्बन डायऑक्साइड.

पाणी हटवतं म्हणजे नेमकं करतं काय?

आमच्या काउंटरवर एक लोखंडी पट्टी पडलेली असते. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवतो आणि थेंबाच्या शेजारी, थेंबावर नाही, हलकासा फवारा मारतो. तेल पट्टीवर पसरत पसरत थेंबाच्या कडेला पोचतं आणि त्याच्या खाली शिरायला लागतं. बसका थेंब गोल होतो, पट्टी जरा तिरपी केली की मण्यासारखा घरंगळतो. मागे राहिलेली जागा कोरडी, फक्त किंचित चमकणारी.

धातूला चिकटायच्या बाबतीत हे मिश्रण पाण्याच्या वरचढ आहे, एवढीच ती गोष्ट. पातळ असल्यामुळे केसाएवढ्या फटीतही आपोआप ओढलं जातं, जसं दिव्यातलं तेल वातीत चढतं. मग द्रावक उडून जातो आणि तेलाचा पातळ पापुद्रा उरतो. हा पापुद्रा फार पातळ असतो. इथेच लोकांचा घोळ होतो.

कूलर काढला. स्टँडचे नट जाम, पंखा फिरून नाही राहिला, पंप बंद. सगळीकडे मारून देऊ का?

सगळीकडे नका मारू. आधी पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. नागपुरात कूलरचा शॉक ही दर उन्हाळ्याची बातमी आहे, आणि कूलर दुरुस्त करायला निघालेला माणूस उघड्या पायानं ओल्या फरशीवर उभा असतो.

आता नट. लोखंडाचा जंग झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये जी बारीक पोकळी होती ती जंगानं ठासून भरते. वरून पाना लावून जोर केला की नट फिरत नाही, त्याचे कोपरे झिजून गोल होतात, आणि मग कुठलाच पाना बसत नाही. म्हणून आधी तारेच्या ब्रशनं वरचा सुटा जंग झाडा. नळी लावून बोल्ट आणि नट जिथे भेटतात तिथे फवारा मारा, पलीकडूनही मारा. पंधरा मिनिटं चहा प्या. मग हातोडीनं नटाच्या बाजूंवर हलके टकटक ठोके द्या, म्हणजे आतला थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. आणि आता उघडायच्या आधी नट किंचित आवळायचा प्रयत्न करा. लोक हसतात, पण उपयोग होतो. आमच्या घरचा पत्र्याचा कूलर माझ्या लग्नाच्या वर्षीचा आहे. त्याच्या मागच्या डाव्या पायाचा बोल्ट दर वर्षी रुसतो. आवळताना 'कट्' असा आवाज येतो, फटीतून चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी ओघळतं, आणि तेव्हा कळतं की सुटला. पाच मिनिटांपूर्वी तोच जोर उलट्या दिशेनं लावला असता तर बोल्टच तुटला असता.

सुटल्यावर आट्या पुसून त्यांना ग्रीस लावा आणि मग परत बसवा. ग्रीस लावलेल्या बोल्टला पुढच्या होळीला स्प्रे लागत नाही. हे सांगून आम्ही आमचंच गिऱ्हाईक घालवतो, पण असू द्या.

पंख्याची मोटर. वर्षभराची धूळ आणि जुनं तेल मिळून दांड्याजवळ काळा चिकटा होतो. तिथे थोडासा फवारा मारा, पातं हातानं फिरवा, काळं पाणी कापडानं पुसून घ्या. दोन-तीनदा केलं की पंखा मोकळा होतो. इथे बरेच जण थांबतात आणि आठवड्यानं परत येतात, "भाऊ, पुन्हा चिरचिर करून राहिला." करणारच. द्रावक उडाला, उरला पापुद्रा, आणि मोटर दिवसाचे अठरा तास चालते. मोकळं झाल्यावर बुशला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्याला, मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पाहिजेतच. स्प्रेनं जागा साफ होते. घर्षण सांभाळायचं काम तेलाचं.

पंप. पंप बहुतेक वेळा जंगानं नाही, क्षारानं अडकतो. बोअरच्या पाण्याचा तो पांढरा दगडी थर स्प्रेनं विरघळत नाही. ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल कोमट पाण्यात घालून त्यात पंपाची पंखी आणि जाळी भिजत ठेवा.

वाळ्याच्या ताट्या किंवा गवत, यांच्या आसपास फवारा नकोच. पहिल्या वर्षी हे मीच केलं होतं. जाळीच्या कडीला स्प्रे मारताना मागचं गवत काढलं नव्हतं. फवाऱ्याचं तेल गवतात मुरलं आणि पाण्याला हटवण्याचं आपलं काम त्यानं तिथेही इमानेइतबारे केलं. हातभर जागा कोरडीच राहिली, त्यातून गरम हवा, आणि खोलीत चार दिवस गॅरेजचा वास. नेमके सासरे मुक्कामाला होते. त्यांनी काही विचारलं नाही, पंखा लावून गच्चीवर झोपले.

टाकीचा पत्रा गंजला असेल तर त्यावर स्प्रे म्हणजे रंग नव्हे. घासून काढा आणि डांबरी काळा रंग लावा. रंग लावायचा विचार असेल तर तिथे स्प्रे मारूच नका. तेलावर रंग धरत नाही, आधी थिनरनं पुसत बसावं लागतं.

एवढं करूनही नट हललाच नाही तर?

रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा मारा. तरी नाही तर फक्त जाम नटांसाठी बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं मिळतं, ते या कामात जास्त जोरकस असतं. त्यानंतर गॅरेजवाल्याकडे जाऊन नट तापवून घ्या. मात्र स्प्रे मारलेल्या नटावर लगेच ज्योत लावायची नाही. त्यात पेट्रोलियम आहे, पेटतं.

दाराची बिजागरी रात्री कुरकुरते.

मारा. दार चार-पाच वेळा उघडझाप करा, ओघळ पुसा, नाही तर रंगावर डाग राहील. आवाज महिन्याभरात परत आला तर बिजागरीचा खिळा वर काढून त्याला ग्रीस किंवा नुसतं व्हॅसलीन लावा. वर्षभर दार गप्प बसतं.

गेटचं कुलूप उघडूनच नाही राहिलं. आत मारलं तर चालेल?

पावसात भिजून जाम झालेलं कुलूप उघडायला चालेल. नळी किल्लीच्या भोकात घालून एक झटका, किल्ली हलक्या हातानं आतबाहेर. उघडलं की कुलूप उलटं धरून झटका, आतली घाण बाहेर येऊ द्या.

पण दर महिन्याला सवय म्हणून मारू नका. आतल्या ओलसर तेलावर धूळ बसते आणि कुलूप आधीपेक्षा वाईट होतं. त्यापेक्षा मऊ पेन्सिलचं शिसं किल्लीच्या खाचांवर घासा आणि किल्ली पाच-सहा वेळा फिरवा. पेन्सिलमध्ये ग्राफाइट असतं, ते कोरडं वंगण आहे, त्याला धूळ चिकटत नाही. पाच रुपयांची पेन्सिल अख्ख्या वाड्याची कुलुपं सांभाळते.

छताचा पंखा आवाज करून राहिला. खालूनच मारून देऊ?

नका. छताच्या पंख्यात बेअरिंग असतं, त्यात ग्रीस भरलेलं असतं, आणि हा स्प्रे ते ग्रीस पातळ करून धुऊन टाकतो. दोन दिवस पंखा शांत राहील, मग बेअरिंग सुकून घरघरेल. शिवाय उडालेले थेंब पलंगाच्या चादरीवर पडतात आणि ते डाग कोण धुणार यावरून घरात जे होतं ते वेगळंच. आधी पात्यांचे स्क्रू आणि वरचा हूक तपासा, बरेचदा आवाज तिथलाच असतो. नाही तर बेअरिंग बदलून घ्या.

आईची जुनी पायमशीन दहा वर्षं बंद आहे. सुरू होईल का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण बहुतेक वेळा होते. बंद मशीन गंजानं कमी आणि सुकलेल्या तेलानं जास्त अडकते. जुनं तेल वाळून मेणासारखं, तपकिरी, चिकट होतं. आमच्या आत्याची मशीन अशीच माळ्यावर होती, वर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. खाली उतरवली तर चाक बोटभरही फिरेना.

मशीन डोक्याकडून मागे कलती करा, खाली जुनी चादर घाला. जिथे जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात तिथे थोडं थोडं मारा. चाकावर जोर न करता पुढेमागे हलवत राहा. आत्याच्या मशीनचं चाक पहिल्या तासात बोटभर, दुसऱ्या तासात अर्धा फेरा, आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला पूर्ण फिरलं. आत्या स्वयंपाकघरातून आवाज ऐकून बाहेर आली. पण त्यानंतर सगळं कापडानं पुसून, प्रत्येक भोकात शिलाई मशीनचं तेल घातलं, आणि पहिले वीसेक मिनिटं चिंधीवर शिवलं. तेल न घालता तशीच चालवली असती तर लोखंडावर लोखंड घासलं असतं. चिंधी यासाठी की उरलंसुरलं काळं तेल सुईबरोबर खाली येतं, ते पहिल्याच ब्लाउजपीसवर यायला नको. पट्टा चामड्याचा किंवा रबराचा, त्याला फवारा लागू देऊ नका, घसरायला लागतो.

सायकलच्या, मोटरसायकलच्या चेनला?

साफ करायला ठीक. मारा, ब्रशनं घासा, पुसा, वाळू द्या. नंतर चेनचं तेल लावा. मोटरसायकलवाले नव्वद नंबरचं गिअर ऑइल लावतात, तेही चालतं. नुसत्या स्प्रेवर चेन सोडली तर वर्धा रोडला जाऊन येईपर्यंत सुकून आवाज करेल.

ब्रेकच्या जवळही नेऊ नका. डिस्क, ड्रम, ब्रेक शू, सायकलचं रिम, कुठेही नाही. हे मी मोठ्या आवाजात सांगतो.

पावसात भिजली की गाडी सुरूच नाही होत.

यासाठीच तर ही वस्तू जन्मली. प्लगची टोपी काढा, टोपीत आणि वायरीवर फवारा मारा, पुसा, पाच-दहा मिनिटं उघडं ठेवून द्रावक उडू द्या आणि मग किक मारा. साचलेल्या पाण्यामुळे ठिणगी भलतीकडे पळत असते. पाणी हटलं की ती प्लगपर्यंत पोचते.

पण नुसतं भिजणं वेगळं आणि बुडणं वेगळं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतरचा आठवडाभर आमच्याकडे स्प्रेसाठी रांग होती. त्यात सीटपर्यंत बुडालेल्या गाड्यांचे मालकही होते. अशा गाडीला स्प्रे मारून किक मारायची नसते. इंजिनमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, आतला दांडा वाकतो. अशी गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यायची, जुनं तेल काढून टाकायचं. स्प्रेचा उपयोग तेव्हाही होता, पण वेगळ्या ठिकाणी: चिखल धुतल्यावर उघड्या नट-बोल्टांवर, पान्यांच्या पेटीवर, गेटच्या कड्यांवर, शटरच्या पट्टीवर. पुराचं पाणी उतरल्यावर दोन दिवसांत जो लाल थर चढतो तो त्यानं अडला. घरातल्या भिजलेल्या स्विचबोर्डवर मात्र मी कोणाला स्प्रे मारू दिला नाही. तिथे इलेक्ट्रिशियनच बोलवायचा.

नव्या स्टीलच्या भांड्यावरचं लेबल निघत नाही.

निघतं, गम विरघळतो. पण हे खाण्याच्या भांड्यासाठी बनवलेलं नाही. डब्याच्या बाहेरून वापरलं तर साबणानं दोनदा घासा, आणि आतल्या बाजूला लावूच नका. त्यापेक्षा खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा.

आणि आपण नागपुरात राहतो, हंगामात घरात संत्र्याच्या सालींचा ढीग असतो. साल उलटी दुमडून चिकट जागेवर पिळा. सालीतून जे बारीक तुषार उडतात आणि डोळ्यांत झोंबतात, त्यात लिमोनीन असतं, तेही द्रावकच आहे. बोटानं रगडलं की गमाच्या वळ्या सुटतात. स्प्रेइतकं झटपट नाही, पण घराला वास मात्र चांगला येतो.

गाडीच्या मडगार्डवर डांबराचे ठिपके आहेत.

मारा, दोन मिनिटं थांबा, मऊ कापडानं पुसा, मग शाम्पूनं धुवा. डांबर आणि हा द्रावक दोघंही पेट्रोलियमच्या एकाच घरचे, म्हणून पटकन जमतं. भिंतीवरचे खडूचे रंगही निघतात, पण चुन्याच्या भिंतीवर तेलाचा डाग पडतो, तो खडूपेक्षा वाईट दिसतो.

गुडघ्याला लावलं तर दुखणं थांबतं का?

नाही. बिजागरी आणि गुडघा यांत फरक आहे. कातडी कोरडी पडते, आग होते, बाकी काही नाही. हातालाही लागलं तर साबणानं धुऊन टाका.

रॉकेल आणि मशीनचं तेल मिसळून हेच होत नाही का? आमचे बाबा तेच करत.

बऱ्यापैकी होतं, आणि बाबा काही चुकीचं करत नव्हते. पातळ द्रावक आणि थोडं तेल, तत्त्व तेच. आमच्याही दुकानात जुनी माणसं तेच करत. फरक आहे तो बारीक फटीत नेम धरून मारता येण्याचा, वासाचा, आणि रेशनचं रॉकेल पूर्वीसारखं मिळत नाही याचा. मोठं काम असेल, शेतातलं अवजार असेल, तर बाबांची पद्धत स्वस्त पडते.

डबा गाडीच्या डिक्कीत ठेवला तर चालेल?

हिवाळ्यात ठेवा. एप्रिलपासून नको. दाबाचा डबा ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो, ते डब्यावरच लिहिलेलं असतं. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, आणि ते सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या असलेल्या बंद कारच्या आतलं त्याहून कितीतरी जास्त. काचेजवळ ठेवलेला डबा फुटू शकतो. घरात खालच्या मजल्यावर, गॅसपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, कपाटात ठेवा. दुकानातही आम्ही नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, पेट्या दारातून आत सरकवतो.

रिकामा डबा होळीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकायचा नाही. आणि फवाऱ्यापुढे काडी धरून ज्वाळा काढणाऱ्या पोट्ट्यांना पाहिलं तर डबा काढून घ्या, समजवायचं नंतर.

लहान पोरानं तोंडात मारून घेतलं तर?

उलटी करवू नका. रॉकेल प्यायलेल्या मुलाला जे लागू, तेच इथे. उलटीतून ते फुप्फुसात गेलं तर जास्त घातक ठरतं. तोंड पुसा, डबा सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.

प्लास्टिकवर, रबरावर चालतं?

साध्या प्लास्टिकवर थोडा वेळ चालतं. पण पारदर्शक कडक प्लास्टिक, म्हणजे हेल्मेटची काच, चष्मा, मीटरवरचं झाकण, यांना नको, तडे जाऊ शकतात. रबराच्या सीलला आणि खिडकीच्या रबरी पट्टीला सिलिकॉन स्प्रे घ्या, तो वेगळा मिळतो.

लाल नळी हरवली. वेगळी मिळते का?

आमच्याकडे तरी सुटी येत नाही. रोज कोणीतरी विचारतं. २००५ पासून नळी तोंडालाच जोडलेला, वर-खाली करता येणारा डबा निघाला आहे, थोडा महाग पडतो. साधा घेतलात तर दुकानातून निघायच्या आधीच नळीला डब्याभोवती दोन रबर लावा. एक पुरत नाही, उन्हानं तुटतो.